म्यान, कोयता आणि काचेची मॅट

संग्रहालयात तलवार बघायला गेलेला माणूस आधी पातं बघतो, मग मूठ, मग मुठीवरचं सोन्याचं काम, आणि पुढच्या पेटीकडे सरकतो. म्यान असलंच तर ते मागे कुठेतरी पडलेलं असतं, मखमल विटलेली, टोकाची पितळी टोपी निखळलेली. बहुतेक वेळा ते नसतंच. लोखंडाला तेल मिळालं की ते शतकं काढतं. म्यान लाकूड, कापड, कातडं आणि सरस यांचं. लाकडाला वाळवी लागते, सरसावर झुरळं तुटून पडतात, आणि घरातली म्हातारी माणसं गेली की ते कुडमुडं पहिल्यांदा चुलीत जातं. त्यामुळे शस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या हाती पाती आली आणि त्यांनी पात्यांचाच इतिहास लिहिला. आमच्या भागात देवळांपाशी वीरगळ आहेत. त्यांच्यावरचा वीर लढताना कोरलेला असतो, म्हणजे तलवार उपसलेलीच. म्यानाकडे शिल्पकाराचंही लक्ष नव्हतं.

मी आयटीआयमध्ये फिटरचा धंदा शिकवण्यात नोकरी घालवली. हत्याराला धार लावणं हे माझ्या लेखी निम्मं काम. ती धार उद्या सकाळपर्यंत राहील कशी, हे उरलेलं निम्मं. म्यानाकडे मी त्या बाजूने बघतो.

जुनं म्यान कसं करत, ते सांगतो. लाकूड हलकं आणि मऊ हवं. सावर किंवा पांगारा. ही दोन्ही झाडं म्यानासाठी वापरात होती, आणि खेळणी व हलक्या पेट्यांसाठीही. दोन पातळ फळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत आतून पात्याच्या आकाराचा पोकळ खाचा कोरायचा, मग दोन्ही सरसाने जोडायच्या. वरून कापड किंवा कातडं घट्ट ओढून चिकटवायचं. तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ. लाकूड मऊ असण्यात सगळं मर्म आहे. पातं आत-बाहेर होताना धार लाकडाला घासते, तेव्हा झिजायचं कोणी, हे आधीच ठरलेलं असतं: लाकडाने. जपानी लोक त्यांच्या म्यानाला मॅग्नोलियाच्या जातीचं मऊ लाकूड वापरतात आणि ते भाताच्या खळीने जोडतात. खळ मुद्दाम कच्ची, म्हणजे पुढे कधी म्यान उकलून आतून साफ करता यावं.

वरच्या आवरणाला बकऱ्याचं कातडं उत्तम: पातळ, चिवट, ओलं असताना हवं तसं ओढता येणारं. आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी काळी उस्मानाबादी शेळी मांसासाठी आणि दुधासाठी नावाजलेली आहे, पण तिच्या कातड्यालाही मागणी असते. कातडं कमावायला दख्खनमध्ये तरवडाची साल वापरत. नवरात्रात घटावर ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढते, तोच हा तरवड. फुलं देवीला आणि साल चांभाराला, असा त्या झुडपाचा हिशोब. पण सालीने कमावलेल्या कातड्यात आम्ल राहतं. त्यात पातं पावसाळाभर ठेवलं तर गंज चढतो आणि पितळेवर हिरवा थर धरतो. म्हणून जाणता माणूस कातडं लाकडाच्या बाहेरून लावी, पात्याला टेकू देत नसे.

हे काम कोणाचं? धार आणि झिलई शिकलगाराची. म्यानाचं काम बऱ्याच ठिकाणी जिनगरांकडे. जिनगर म्हणजे खोगीर करणारे, पण पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या इंग्रजी गॅझेटियरात त्यांच्या परंपरागत कामात कापडी म्यानं आणि घोड्याचे चारजामे यांची नोंद आहे. त्याच नोंदीत असंही येतं की तो धंदा बसल्यावर हे लोक धातू ओतणं, दगड कोरणं, रंगकाम, मातीच्या मूर्ती, अगदी घड्याळं दुरुस्त करण्याकडेही वळले. म्हणजे गिऱ्हाईक गेलं तरी हात राहिले. कापडाचे थर सरसाने एकावर एक बसवायचे, साच्यावर वाळू द्यायचे, मग तासून रंगवायचे, ही रीत त्यांच्या बोटांत होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता या प्रकरणातली सर्वांत मोलाची साक्ष. ती एका इंग्रज घोडेस्वाराने दिली आहे आणि ती आपल्याच मुलखातली, निजामाच्या राज्यातली आहे. कॅप्टन लुई नोलन हा पंधराव्या हुसार पलटणीचा अधिकारी. पुढे २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हाच्या त्या गाजलेल्या, फसलेल्या हल्ल्यात तो मारला गेला. त्याआधी वर्षभर, १८५३ मध्ये, त्याचं घोडदळावरचं पुस्तक निघालं होतं. त्यात तो हिंदुस्थानातला एक प्रसंग सांगतो. निजामाच्या बेकवायती स्वारांची एक तुकडी रोहिल्यांच्या मोठ्या जमावाशी भिडली आणि संख्येने कमी असूनही जिंकली. लढाईनंतर डॉक्टरने मेलेल्या-जखमींची यादी केली. नोलनच्या नजरेत भरली ती ही यादी. हात तुटलेले, मुंडकी उडालेली, सगळं तलवारीच्या एकेका वाराने. इंग्रज स्वारांच्या तलवारींनी असं होत नसे. त्याला वाटलं, या लोकांकडे काहीतरी विशेष पोलाद असावं. तो चौकशीला गेला तर काय, पाती इंग्रजांचीच! गोऱ्या ड्रॅगून पलटणींनी जुनी म्हणून टाकून दिलेली. निजामाच्या स्वारांनी ती घेतली, आपल्या पद्धतीची मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईशिवाय ती उपसायची नाहीत, हा दंडक.

इंग्रज पलटणीत उलटं होतं. त्यांची म्यानं पोलादी. कवायतीला रोज तलवार बाहेर, रोज आत. दर वेळी धार पोलादावर घासते आणि पातं बोथट होतं. वरून घोडा दौडताना खणखणाट, म्हणजे शत्रूला आगाऊ वर्दी. नोलनने निजामाच्या एका जुन्या स्वाराला विचारलं की तुम्हाला वार करायला शिकवतात तरी कसं. उत्तराचा मतलब असा की शिकवत काहीच नाहीत. धार असली की कोणाच्याही हातून कापलं जातं. नोलनने तिथून निष्कर्ष काढला की पोलादी म्यान टाकून द्यावं किंवा निदान आतून लाकूड लावावं. त्याच्या सरकारला हे पटायला बराच वेळ लागला.

मला या गोष्टीत शौर्यापेक्षा भंगार जास्त आवडतं. टाकाऊ पातं, घरची मूठ, जवळच्या झाडाचं म्यान. कोणत्याही कारखान्याचा शिक्का नाही. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असा फरक होता. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे; शिलेदार स्वतःचं आणी. म्हणजे बारगिराचं म्यान शिलेखान्याच्या हिशोबात, आणि शिलेदाराचं त्याच्या गावच्या सुताराच्या. शिलेखान्याच्या नोंदी तरी असतील. गावच्या सुताराने कधी दप्तर ठेवलं? आमच्या नळदुर्गाच्या आणि परांड्याच्या किल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या हत्यारबंद माणसं राहिली. परांड्याला मलिक-ए-मैदानसारखी तोफ होती, ती १६३२ मध्ये विजापूरला नेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या तोफेभोवती उभ्या असलेल्या शिपायांच्या कमरेच्या म्यानांबद्दल कुठे एक ओळ सापडत नाही. शेजारी अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजी फौजेत मिसळून टाकली आणि आसपासच्या गावांतलं खोगिराचं, म्यानाचं गिऱ्हाईक आटलं.

तलवारीचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. त्या फौजेत रणगाडे होते. तलवारीला तिथे काम उरलं नव्हतं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे १९६२ चे नियम आले. त्यांनी नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांची वर्गवारी केली, पण घरकामाची, शेतीची आणि कारखान्याची हत्यारं वगळली. त्यामुळे तलवार देव्हाऱ्यात आणि मिरवणुकीत गेली. तुळजापूरला शारदीय नवरात्रात आई भवानीची भवानी तलवार अलंकार महापूजा मांडतात. देवी शिवरायांना तलवार देते आहे, असं त्या दिवशीचं रूप. आणि खंडेनवमीला घराघरात जी हत्यारं पुजली जातात ती विळा, खुरपं, कुऱ्हाड, पाना, आणि आमच्या भूम-वाशी-कळंब पट्ट्यात कोयता.

धाराशिवची आजची तलवार कोयता आहे, असं मी म्हणतो तेव्हा शहरातली माणसं दचकतात. पुण्यात अलीकडे गुंडांच्या टोळ्यांनी त्या अवजाराचं नाव बद्दू केलं. विकत घेणाऱ्याचं नाव-गाव नोंदवून ठेवा, असं दुकानदारांना सांगण्यापर्यंत वेळ गेली. त्या बिचाऱ्या कोयत्याचा काय दोष. दसरा-दिवाळीनंतर इथल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पाल, सरपण, कोंबड्या, लेकरं आणि त्यांतच कोयते. पहाटे अंधारात फडावर निघायचं, रात्री खोपीत परतायचं. कोयत्याला रोज कानस लागते, म्हणजे तो रोज धारदार असतो, आणि त्याला म्यान नसतं. पोत्यात गुंडाळतात, सायकलची जुनी ट्यूब कापून धारेवर चढवतात, किंवा खोपीच्या कुडात खोचून ठेवतात. पोतं ओलं होतं आणि पातं गंजतं. ट्यूब दोन-चार वेळात चिरली जाते. रांगतं पोर असलेल्या खोपीत कुडात खोचलेला कोयता म्हणजे काय, हे सांगायला नको.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं आपण म्हणतो. गुरखा हसेल. त्याच्या खुकरीच्या म्यानात पाठीमागे दोन छोटी पाती सुखाने राहतात, एक कापायला कर्द आणि एक धार सरळ करायला व ठिणगी पाडायला चकमक. कोयत्याला मात्र एक म्यानसुद्धा कोणी दिलं नाही.

ते मी फायबरग्लासचं करायला घेतलं. हा माल मला हाताळायला मिळाला तो कूलरमुळे. आमच्याकडे मे महिन्यात कूलरची टाकी फुटली की ती काचेची मॅट आणि रेझिन लावून सांधतात. गणपतीचे मखर, पाण्याच्या टाक्या, चौकातले पुतळे, सगळं त्याच मालाचं. भूम-वाशीच्या माळावर आता पवनचक्क्या झाल्या आहेत; त्यांची ती अवाढव्य पातीही काचतंतूंची. वस्तू नवी वाटते, पण नव्वद वर्षांची आहे. काचेचे बारीक तंतू कारखान्यात ढीगभर काढण्याची रीत अमेरिकेत १९३० च्या दशकात बसली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिन आलं. तंतू एकटे ठिसूळ, रेझिन एकटं ठिसूळ. दोन्ही एकत्र आले की बोटी आणि मोटारी बनतात.

आणि म्यानंही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या शिपायांना एम-३ नावाचा खंदकी सुरा दिला, सुरुवातीला चामड्याच्या म्यानासह. पॅसिफिकच्या जंगलात चामडं कुजू लागलं. तेव्हा १९४३ मध्ये एम-८ नावाचं फायबरग्लासचं, तोंडाला पोलादी कडं असलेलं म्यान आलं. संगिनीसाठीही तशीच काढली. म्हणजे गावठी हौशी माणूस आज घरी जे करतो, ते एकेकाळी फौजेने तातडीने केलं होतं, आणि कारण तेच: कातडं, ओल, गंज.

जिनगरांचं ते वाक्य आता आठवा. कापडाचे थर, चिकटवायला सरस, साचा, वाळवणी, तासणी, रंग. फायबरग्लासमध्ये कापडाच्या जागी काचेची मॅट आणि सरसाच्या जागी रेझिन येतं; हाताची हालचाल तीच राहते. ब्रशने ठोकून ठोकून थरातली हवा काढायची, कोपऱ्यात मॅट फाडून बसवायची, कापायची नाही. हे मी ज्या कारागिराकडून शिकलो, तो गणपतीच्या मूर्ती करणारा होता.

कोयत्याचं म्यान तलवारीच्या म्यानासारखं करता येत नाही. कोयत्याचं पातं टोकाकडे रुंद आणि मुठीकडे अरुंद. नळीत घातलं तर निघणारच नाही. म्हणून ते पाठीच्या बाजूने उघडं ठेवावं लागतं. पातं आडवं आत बसतं आणि वरून पट्टा येतो. मी पात्यावर आधी जाड रेक्झिनचा थर गुंडाळला, म्हणजे आत मोकळीक राहील. त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी, त्यावर मेणाचा हात, आणि मग ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर. हे एका बाजूला, वाळल्यावर दुसऱ्या बाजूला. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट ढवळायचा, हार्डनर अगदी शेवटी, शंभर भागाला एक-दोन भाग. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. हे मी पोरांना फळ्यावर लिहून देत असे. उन्हाळ्यात दुपारी हे काम करू नये, डब्यातच दगड होतो. तासताना तोंडाला फडकं पुरत नाही, मास्कच हवा, अंगभर बाही हवी. काचेची कूस अंगात शिरली की खाजखुजली बरी वाटते.

दोन कवचं झाली. ती नुसती धारेच्या बाजूने रिव्हेटने जोडली असती तर नोलनच्या पोलादी म्यानाचीच गत झाली असती. फायबरग्लासमध्ये काच आहे, काच पोलादाची धार खाते. फौजेच्या खंदकी सुऱ्याला ते चाललं, कारण तो भोसकायचा. उसाला धार लागते, दिवसभर. म्हणून दोन कवचांच्या मध्ये, जिथे धार टेकते तिथे, मी लाकडाची एक पट्टी बसवली आणि रिव्हेट तिच्यामागून घेतले. बाजूंना आतून नमदा चिकटवला, खोगिराखाली घालतात तो. धार लाकडात टेकते, काचेला लागत नाही. बाहेरून कूलरच्या टाकीचा तुकडा वाटावा असं दिसतं.

शेजारच्या वस्तीवरच्या वहिनी दर साली टोळीबरोबर जातात. त्यांनी म्यान हातात घेतलं, आत बोट घालून बघितलं आणि विचारलं,

"सर, ह्याच्यात उसाचा रस साचंल की. मग मुंग्या, मग गंज. धुवायचं कसं?"

मी म्हटलं, "वहिनी, तळाला भोक पाडलंय. वरून पाणी ओता, खालून जाईल. मग उन्हात टाका."

"अन् पट्टा कातड्याचा नको. कुत्री खात्यात."

पट्टा मी नायलॉनचा लावला. मालकांसाठी वेगळं आणि आपल्यासाठी वेगळं हवं, हेही त्यांनी सांगितलं, कारण दोघांचे कोयते एकाच लोहाराचे असले तरी वाक सारखा नसतो. कारखान्यात साच्यातून हजारो म्यानं काढली तरी ती बसणार नाहीत, ते यामुळेच. प्रत्येक लोहाराचा हातोडा वेगळा, आणि कानस लावून लावून दोन हंगामांत पात्याचा आकारही पालटतो. म्यान त्या त्या कोयत्यावरच करावं लागतं.

मला एक गंमत वाटते. जुन्या तलवारी राहिल्या आणि म्यानं मातीत गेली. इथे उलटं होणार. कोयता चार-सहा हंगामांत कानशीने झिजून जाईल, पण रेझिन आणि काच कुजत नाही, वाळवी खात नाही. पुढे कोणी आमची वस्ती उकरली तर त्याला फक्त म्यानं सापडतील आणि आत काय होतं यावर तो प्रबंध लिहील. तेही काही फार चांगलं नाही. उकिरड्यावर न कुजणारी वस्तू वाढवणं हा पुरुषार्थ नव्हे, म्हणून मी ती मागणी असल्याशिवाय करत नाही.

वहिनींच्या टोळीतून आता आणखी मागणी आली आहे, आणि अडलंय ते लाकडापाशी. मॅट आणि रेझिन सोलापुरात किलोवर मिळतं, हवं तितकं. पांगारा मात्र शोधावा लागतो. पानमळे होते तेव्हा वेल चढवायला शेवरी, हादगा, पांगारा लावत. आमच्या बाजूचे पानमळे पाण्यापायी गेले आणि त्यांच्याबरोबर झाडंही. एका ओढ्याकाठी एक वाळकी फांदी हेरून ठेवली आहे. बांधाच्या मालकाला विचारायचं आहे.